घरातले यंत्र : वेगळी चूल

दिवाळी तोंडावर आली की घरोघर याद्या होतात. पूर्वी या यादीत रवा, साखर, तूप, मुलांचे कपडे, उटणे आणि फार झाले तर घराला एक रंगाचा हात, एवढ्याच गोष्टी असत. आता यादीच्या अगदी शेवटी, घरातल्या सर्वांत धाकट्या पण सर्वांत धीट माणसाच्या अक्षरात, आणखी एक ओळ आढळते : 'ग्राफिक्स कार्ड'. घरातले कर्ते गृहस्थ चष्मा सावरून ती ओळ वाचतात. रेशन कार्ड त्यांना ठाऊक असते. पॅन कार्डाचा नंबर तोंडपाठ असतो. आधार कार्ड तर खिशातच असते. हे कोणते नवे कार्ड, असा विचार करीत त्यांची नजर पुढच्या आकड्यावर जाते आणि मग ते चष्मा काढून खाली ठेवतात.

या वर्षी आमच्याकडे आलेल्या पत्रांतही हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत आला आहे. एका भगिनींनी तो फार नेमका विचारला आहे. त्या लिहितात, "आमच्या कॉम्प्युटरवर अक्षर दिसते, सिनेमा दिसतो, परदेशातली नातवंडे दिसतात. सगळे दिसत असताना दिसण्यासाठी आणखी वेगळे यंत्र कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. त्याला उत्तरही सरळच द्यावयास हवे, आणि ते देण्यासाठी सोलापूरसारखे दुसरे गाव नाही. का, ते पुढे येईलच.

आधी घरातली व्यवस्था समजून घेऊ. संगणकाच्या पेटीत कर्ता पुरुष एकच : प्रोसेसर. हिशेब त्याचा, पत्रव्यवहार त्याचा, सगळ्यांवर देखरेखही त्याचीच. बहुतेक घरगुती संगणकांत या कर्त्याच्या अंगातच चित्र काढण्याची थोडी कला बसवलेली असते. तिलाच इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. आपण तिला एकत्र कुटुंब म्हणू. या चित्रकाराला स्वतःची कोठी नसते. घरातली जी सामाईक रॅम, तिच्यातूनच तो आपला वाटा उचलतो. वीज सामाईक, पंखा सामाईक. घरात दोन पाहुणे आले, तर एकत्र स्वयंपाकात सहज भागते. दोनशे पानांची पंगत उठवायची झाली, म्हणजे मात्र भांड्याला भांडे लागू लागते.

वेगळे कार्ड म्हणजे वेगळी चूल. त्या कार्डाला स्वतःचा चित्रकार असतो, स्वतःची रॅम असते, स्वतःचा पंखा असतो आणि पुष्कळदा विजेची स्वतःची तारही असते. तो कर्त्याकडून फक्त 'काय काढायचे' एवढे विचारतो. कसे काढायचे ते त्याचे तो पाहतो.

आता पंगत केवढी, तेही पाहू. आज सर्रास मिळणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला, तर २० लाख ७३ हजार ६०० होतात. हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावयाचे, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवावे लागतात. ठिपका स्थिर असेल, पत्राचे अक्षर असेल, तर हे काम सोपे. पण त्या प्रत्येक ठिपक्यावर दिव्याचा उजेड कोठून पडतो, सावली कोठे जाते, कापडाची लव कोणत्या बाजूला झुकली आहे, असे सगळे गणित करावयाचे असेल, तर एकट्या कर्त्याच्या कपाळाला घाम फुटतो. तो हुशार असतो, पण त्याचे हात मोजके. वेगळ्या कार्डातले कामकरी साधेच, पण संख्येने हजारो. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'आरटीएक्स ३०५०' या नावाच्या ६ जीबीच्या कार्डात असे २३०४ छोटे कामकरी आहेत. एकेकाने एकेक ठिपका उचलला, तरी कामाचा फडशा पडतो.

येथे सोलापूरकर वाचक मनात म्हणाले असतील, की हे तर आम्हांला शंभर वर्षांपासून माहीत आहे. खरेच आहे ते. साधा माग साधे कापड विणतो. त्याला चित्र नको असते; उभ्या धाग्यांतले निम्मे वर, निम्मे खाली, एवढीच त्याची विद्या. पण चादरीवर मोर हवा, फुलांची वेल हवी, तर मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाचे निराळे यंत्र चढवावे लागते. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड या माणसाने १८०४ साली ते सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ त्या यंत्रावरून फिरते. भोक आले की सुई आत जाते आणि तिच्या हुकाला बांधलेला धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. त्या पट्टीलाही 'कार्ड'च म्हणतात! आपल्या पूर्व भागातल्या कोणत्याही जुन्या विणकराला विचारा. 'चित्रासाठी वेगळे कार्ड' ही भानगड तो तुम्हांला दोन मिनिटांत समजावून देईल.

हा योगायोग वरवरचा नाही. इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेजने १८३० नंतरच्या दशकात आपल्या गणितयंत्राचा आराखडा केला, तेव्हा यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने या मागाच्या पट्ट्याच उसन्या घेतल्या. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि माग जशी पानेफुले विणतो तसे हे यंत्र बीजगणित विणील, असे त्यांत सुचवले. संगणकाची कुंडली मांडायची, तर त्याच्या आजोळी माग निघतो. तेव्हा चादरीच्या गावाने संगणकाच्या कार्डापुढे बावरून जाण्याचे काही कारण नाही.

आणखी एक मौज सांगतो. पुष्कळांचा समज असा असतो, की आधी एकत्र कुटुंब होते आणि वेगळ्या चुली या नव्या पिढीने मांडल्या. संगणकाच्या घरात उलटे घडले. आयबीएम कंपनीचा पहिला घरगुती संगणक १९८१ साली आला, तेव्हा त्याला पडद्यावर काही दाखवायचे म्हटले की वेगळे कार्ड घ्यावेच लागे. नुसत्या अक्षरांसाठी एक आणि रंगीत चित्रांसाठी दुसरे. चित्रकाराला घरात घेतले ते मागाहून. १९९९ साली इंटेलने आपल्या '८१०' या चिपसंचात चित्राची सोय करून स्वस्त संगणकांचे वेगळे कार्ड वाचवले. मग २०११ च्या जानेवारीत त्याच कंपनीने चित्रकाराला थेट प्रोसेसरच्याच चिपेवर जागा दिली. इकडे १९९९ सालीच एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' नावाचे कार्ड काढून वेगळ्या चुलीचा मोठा थाट मांडला. एकाच वर्षी एका घरात लग्न आणि दुसऱ्या घरात वाटणी! पुढे २०२० साली अॅपलने 'एम-१' चिप आणली आणि प्रोसेसर व चित्रकार यांना पुन्हा एकाच कोठीतली रॅम वाढली. तात्पर्य, एकत्र राहणे मागासलेले आणि वेगळे राहणे पुढारलेले, असा काही नियम नाही. काम काय आहे, यावर सारे ठरते.

काम म्हणजे काय, ते एका घराच्या गोष्टीवरून सांगतो. पूर्व भागातले हे घर तेलुगू बोलणारे; बाहेर मराठी, घरात तेलुगू. आजोबांना नात 'ताता' म्हणते. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात आणि मराठीत वडीलधाऱ्याला तात्या म्हणतात. त्यामुळे आमचेही ते तात्याच. तात्यांनी उमेदीच्या वयात जॅकार्डच्या पट्ट्यांना भोके पाडण्याचे काम केले. चौकटीच्या कागदावरचे डिझाइन पाहत पाहत पट्टी पंच करावयाची. एक भोक चुकले की मोराची मान वाकडी. मुलगा टेरी टॉवेलचे चार माग चालवतो. नात शिकून घरी आली ती टॉवेलांची डिझाइने संगणकावर काढू लागली.

डिझाइन काढण्यापुरता घरातला साधा संगणक उत्तम चालत होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मागाचे डिझाइन म्हणजे शेवटी चौकटींचा कागद. एक चौकट, एक ठिपका. एकत्र कुटुंबातला चित्रकार ते हसत हसत करतो. अडचण पुढेच आली. परगावच्या व्यापाऱ्याला नुसता चौकटींचा कागद नको होता. टॉवेल न्हाणीघरात दांडीवर टांगला म्हणजे कसा दिसेल, घडी घातल्यावर किनार कशी येईल, हे त्याला विणण्याच्या आधी पाहावयाचे होते. मुलीने 'ब्लेंडर' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेतले आणि तीत टॉवेल उभा केला. पण टेरी टॉवेल म्हणजे साधे कापड नव्हे. त्याच्या अंगावर सुताची हजारो बारीक वेटोळी असतात. प्रत्येक वेटोळ्यावर उजेड, प्रत्येकाची शेजाऱ्यावर सावली. रात्री जेवणे झाल्यावर लावलेले एक चित्र सकाळच्या चहाला तयार होई. आणि त्यात रंग चुकला असे दिसले, की पुढची रात्र!

मुलीने कार्ड मागितले. दिवस दिवाळीपूर्वीचे, म्हणजे कामगारांच्या बोनसचे. बापाने हिशेबाची वही पुढे ठेवली आणि विचारले, "या पैशांत कोणाचा बोनस कापू ते सांग." मुलगी गप्प बसली. या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसते. दुसरा रस्ता तिला माहीत होता. तो सोलापुरातल्या घरोघरच्या मुलांना माहीत असतो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, पुण्यात उतरायचे आणि दुसऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्याच्या यंत्रापुढे बसायचे. पुण्याच्या एका ठिकाणाहून तिला तसे बोलावणेही होते. घरात त्याचा उच्चार कोणी केला नाही, पण चारही माणसांच्या मनात तेच होते.

मग तिने केले ते प्रत्येक घराने करावे असे आहे. तिने आपल्या टॉवेलाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि मैत्रिणीच्या भावाकडे गेली. त्याच्याकडे खेळांसाठी घेतलेले, ७० वॅटवर चालणारे एक मध्यम कार्ड होते. तेच चित्र तेथे लावले. चहा उकळेपर्यंत ते तयार झाले. तिने वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, आपल्या घरची वेळ आणि त्या घरची वेळ, आणि वही बापापुढे ठेवली. बापाला संगणक कळत नव्हता, पण माग कळत होता. एका मागावर दिवसाला किती टॉवेल निघतात, हा हिशेब त्याच्या हाडात मुरलेला. तो म्हणाला, "बोनस झाल्यावर बघू." सोलापुरातल्या बापाच्या तोंडून हा होकारच समजावा!

तात्यांचा निवाडा मात्र सर्वांत मार्मिक. ते म्हणाले, "साध्या कापडाला माग पुरतो. फुलं पाहिजेत तर वर जॅकार्ड चढवायला लागतंय. पण जॅकार्ड चढवलं म्हणून माग पळत नाही बरं का. छत उंच लागतंय, मोटर जास्त ओढतीय, आन् तेल-पाणी रोजचं." वाचकहो, वेगळ्या कार्डाविषयी जाडजाड पुस्तकांत जे लिहिलेले असते ते सगळे या चार वाक्यांत आले आहे. आम्ही आता त्याचा फक्त विस्तार करतो.

'जॅकार्ड चढवले म्हणून माग पळत नाही.' कार्ड घेतल्याने इंटरनेट जलद होत नाही. पत्र जलद लिहिले जात नाही. संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे घेत असेल, तर तो कार्डाने सुधारत नाही. त्याला जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी लागते. सिनेमा पाहण्याचे काम आजचे एकत्र ग्राफिक्स उत्तम करते. त्यासाठी त्यात निराळी सोयच असते. आणि पुष्कळ घरांत रॅमची एकच पट्टी बसवलेली असते. तिच्या जोडीला तशीच दुसरी पट्टी बसवली, की सामाईक कोठीचे दार दुप्पट रुंद होते आणि एकत्र चित्रकाराचा हात बऱ्यापैकी मोकळा होतो. 'डीडीआर-४' जातीच्या, ३२०० वेगाच्या दोन पट्ट्यांतून सेकंदाला सुमारे ५१ जीबी माल ये-जा करू शकतो. एका पट्टीतून त्याच्या निम्माच. वर सांगितलेल्या कार्डाची स्वतःची कोठी सेकंदाला १६८ जीबी देते. म्हणजे फरक आहेच. पण थोडक्या पैशांत काम भागत असेल, तर आधी पट्टी घ्यावी. संगणकात 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी असते. आपले नेहमीचे काम चालू असताना ती उघडून पाहावी. ग्राफिक्सची रेघ तळाशी लोळत असेल, तर कार्डाला घरात काम नाही, हे नक्की समजावे.

'छत उंच लागते.' कार्ड मदरबोर्डवरच्या लांब खाचेत बसते. ती खाच आहे का, पेटीत कार्डाच्या लांबीएवढी जागा आहे का, हे पट्टीने मोजून घ्यावे. छोट्या, सडपातळ पेट्यांत उंच कार्ड मावत नाही. त्यांच्यासाठी बुटकी कार्डे वेगळी येतात. लॅपटॉपवाल्यांनी मात्र सहसा या वाटेला जाऊ नये. त्याच्या पोटात नंतर चूल मांडता येत नाही. ती विकत घेतानाच पाहून घ्यावी लागते. आणि हो, काही प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'एफ' अक्षर असते. इंटेलच्या त्या प्रोसेसरांत चित्रकार नसतोच. थोडे स्वस्त म्हणून ते घेणाऱ्याला वेगळे कार्ड ही चैन राहत नाही, गरज होऊन बसते.

'मोटर जास्त ओढते.' खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून भूक मोठी असेल, तर वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, वेगळी तार द्यावी लागते. सहा टोकांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ टोकांची १५०. जुन्या संगणकांतले कित्येक डबे वजनाला हलके आणि बोलायला मोठे असतात; पेटीवर आकडा भारी, आत दम नाही. भलते कार्ड लावले, की ऐन कामात संगणक बंद पडतो आणि दोष कार्डाला लागतो. येथे नावावर जाऊ नये. 'आरटीएक्स ३०५०' याच नावाचे ८ जीबीचे कार्ड २०२२ साली आले. ते १३० वॅट ओढते. नंतर आलेले ६ जीबीचे ७० वॅटवर भागवते. नाव एकच, खाणे दुप्पट! लग्न जुळवताना आपण पत्रिकेबरोबर माणूसही पाहतो. तसे खोक्यावरचे सगळे आकडे पाहावेत.

'तेल-पाणी रोजचे.' हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही, सोलापूरकराला लगेच कळेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. कार्डाचा पंखा थंड हवा तयार करीत नाही. खोलीतलीच हवा ओढून कार्डावर टाकतो. खोलीतच भट्टी असेल, तर तो बिचारा काय करणार? कार्ड तापले की ते आपण होऊन वेग कमी करते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी पैसे दिले तेवढे काम मिळत नाही. पेटी भिंतीला चिकटवून, वर देवाची पोथी आणि मागे पडदा, अशी ठेवू नये. त्यातून मागांच्या वस्तीत हवेत सुताची बारीक लव तरंगत असते. ती पंख्याच्या पात्यांत आणि धातूच्या पापुद्र्यांत जाऊन बसते आणि काही महिन्यांत तिचा नमदा होतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पितळी भांड्यांबरोबर संगणकाची पेटीही उघडावी. वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशाने लव काढावी. पाते न धरता जोराची हवा मारली, तर पंखा भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि बिघडतो.

कार्ड बसवणे स्वतः अवघड नाही. वीज काढायची, पेटीची मागची पत्र्याची पट्टी सोडवायची, कार्ड खाचेत सरळ दाबायचे, 'टक्' असा आवाज आला की स्क्रू कसायचा, लागत असेल तर विजेची तार जोडायची आणि सुरू केल्यावर कंपनीचे ड्रायव्हर घालायचे. पण या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे आणि तिने भल्याभल्यांना फसवले आहे. आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांच्या घरी कार्ड बसले, पेढे वाटले गेले आणि पुढे आठवडाभर कोणालाही काही फरक दिसेना. चिरंजीव म्हणत, "थोडा वेगळा वाटतोय." आई म्हणे, "रंग उजळलेत." वकीलसाहेब दुकानदाराला नोटीस देण्याच्या विचारात होते. शेवटी पाहुणा आलेला एक भाचा टेबलाखाली वाकला आणि हसतच वर आला. पडद्याची केबल जुन्याच जागी, मदरबोर्डच्या भोकात, खोचलेली होती! वेगळी चूल मांडली, पण ताट अजून जुन्याच स्वयंपाकघरातून येत होते. पेटीच्या मागे वरच्या बाजूची भोके मदरबोर्डची आणि खालची आडवी रांग कार्डाची. केबल खालच्या रांगेत लावायची. काही संगणकांत जुन्या जागी केबल राहिली तर पडदा काळाच राहतो. ते एका अर्थी बरे, चूक लगेच कळते.

जुने, वापरलेले कार्ड घ्यावे का, हाही प्रश्न पत्रांत आहे. २०२१ च्या सुमारास आभासी नाणी 'खणण्यासाठी' लोकांनी ही कार्डे पोत्यांनी विकत घेतली आणि साध्या गिऱ्हाइकाला ती दुप्पट भावानेही मिळेनात. २०२२ च्या सप्टेंबरात 'इथेरियम' या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि रात्रंदिवस राबलेली ती कार्डे जुन्या बाजारात उतरली. वापरलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पण अर्धा तास आपल्यासमोर भारी कामावर चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, बिल आणि उरलेली हमी पाहूनच घ्यावे.

आणि ज्या चिरंजिवांनी यादीत ती शेवटची ओळ लिहिली, त्यांचे काय? "अभ्यासासाठी पाहिजे" असे ते सांगतात. त्यात थोडे सत्य असते आणि बरेचसे क्रिकेट-फुटबॉल असते. खेळ म्हणजे पाप नव्हे. खेळासाठी हवे असेल, तर खेळासाठी म्हणून मागावे आणि घराने ऐपतीप्रमाणे हो किंवा नाही म्हणावे. खोटे कारण काढायला लावणारे घर आणि खोटे कारण काढणारा मुलगा, दोघांचेही त्यात नुकसान आहे. शिवाय अभ्यासाची बाजू अगदीच पोकळ नाही. २०१२ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी चित्रे ओळखणारी एक संगणक-रचना तयार केली आणि जगातली मोठी स्पर्धा जिंकली. तिला शिकवण्यासाठी त्यांनी खेळांसाठी विकली जाणारी दोन कार्डे वापरली होती. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गवगवा आहे, त्याच्या मुळाशी ही खेळातली कार्डे आहेत. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला. त्याचेही बळ अशाच, पण फार मोठ्या, चित्रकारांत आहे. सारे जग या कार्डांच्या मागे लागल्यामुळेच त्यांचे भाव मधूनमधून आभाळाला भिडतात. तेव्हा भाव चढलेला असेल, तर सणाच्या मुहूर्तासाठी हट्ट धरू नये. मुहूर्त दरवर्षी येतो.

पूर्व भागातल्या घरी कार्ड आले ते बोनस वाटून झाल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. पहिले चित्र लागले तेव्हा तात्या खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. आधी वाळू सांडल्यासारखे नुसते ठिपके दिसले. मग ते निवळत निवळत टॉवेलाची किनार, घडी, एकेक वेटोळे दिसू लागले. सगळे "वा वा" म्हणाले. तात्या बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "उलटी बाजू दाव की."

नातीने टॉवेल फिरवला. मागची बाजू तिने पुढच्यासारखीच रंगवली होती. तात्या म्हणाले, "असं कसं होईल? पुढं निळं फूल आन् पांढरी जमीन असली, तर मागं पांढरं फूल आन् निळी जमीन येतीय. जॅकार्डचा टॉवेल हाय हा, छापलेला न्हाई." त्या रात्री नातीने मागची बाजू नव्याने केली. दोन हजारांवर कामकरी त्या कार्डात होते. पण ही चूक त्यांच्यापैकी एकालाही दिसली नव्हती. ती दिसली पट्टीला भोके पाडून झिजलेल्या डोळ्यांना.

व्यापाऱ्याकडे सहा चित्रे गेली. त्याने चार पसंत केली आणि दोन नापसंत. मुलगी त्या दोनांमुळे हिरमुसली. बाप मात्र त्या दोनांवरच खूश! तो म्हणाला, "चार तर पूर्वीही पसंत व्हायची. पण ही दोन आधी सूत रंगवून, माग बांधून, विणून मग नापसंत व्हायची. यंदा सूत वाचलं." कार्डाची किंमत कशाने वसूल होते, हे त्याने कोणत्याही दुकानदारापेक्षा चांगले सांगितले. पुण्याचे बोलावणे अजून टेबलाच्या खणात आहे. जायचे की नाही ते मुलगी ठरवील. पण आता ते तिला ठरवता येईल, कारण काम येथेही होते.

तर वाचकहो, यादीतल्या त्या शेवटच्या ओळीवर काट मारण्यापूर्वी किंवा टिचकी करण्यापूर्वी एवढेच विचारा : या चुलीवर शिजणार काय? शिजवायला काही असेल, तर अंथरूण पाहून, पण मन मोठे करून, चूल जरूर मांडा. नसेल, तर त्या पैशांत रॅमची एक पट्टी घ्या, उरलेल्यात मुलांना फटाक्यांऐवजी चार पुस्तके आणा, आणि आलेल्या पाहुण्यांच्या फराळात चकलीबरोबर थोडी शेंगाचटणीही वाढा. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो!